बिननावाचा थेंब

पातेलं दोन कड्यांचं होतं. एक कडी तिच्या हातात, एक माझ्या. आत कार्यक्रमासाठी केलेले डिंकाचे लाडू, दोनशे. कम्युनिटी सेंटरच्या पार्किंगमधून आम्ही दोघं ते घेऊन चाललो होतो. ती पुढं, मी अर्धं पाऊल मागं, कारण तिचा गुडघा दुखायचा आणि पातेलं धरलं की तिच्या चालीनं चालावं लागायचं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं साधं काम. तेव्हा माहीत नव्हतं. चार दिवसांनी ती गेली.

समोरच्या दाराशी पोचलो. काचेचं दार, आपोआप उघडणारं. उघडलंसुद्धा. आतली गरम हवा तोंडावर आली. तेवढ्यात एक बाई हात हलवत पुढं आली. अंगावर पैठणी, छातीवर मंडळाचा बिल्ला.

"मावशी, इथून नको ना, प्लीज! फ्रंटला फोटो चाललेत. मागच्या दारानं किचनमध्ये या."

दार आमच्यासमोर परत मिटलं.

मागच्या बाजूचा बर्फ कुणी काढला नव्हता. पायांनी तुडवून तुडवून घट्ट झालेला, काचेसारखा. तिचा पाय दोनदा सरकला. मी म्हणालो, "ठेव खाली. इथंच ठेव. येतील उचलायला."

ती म्हणाली, "चला हो. मागून किचन जवळ पडतं."

किचन जवळ पडतं. कुठल्याही अपमानातून ती असा जवळचा रस्ता काढायची. आणि मी? मी कडी धरून मागं मागं. सगळा जन्म.

मी सातवी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. एवढं लिहीपर्यंत चार वेळा उठून दारापर्यंत जाऊन आलो. ती गेल्यापासून बूड टेकत नाही. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठं जायचं ते कळत नाही. मॉलमध्ये जातो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालतो, परत येतो. पण हे लिहिणार.

तिचं नाव द्रुपदा. आधीच सांगून ठेवतो, कारण सगळं भांडण या नावाचंच आहे.

आम्ही बौद्ध. गावात आमची वस्ती ओढ्याच्या अंगाला. मी सूतगिरणीत, ती दुसऱ्यांच्या शेतात. गिरणी बंद पडली. पोरगा मिलिंद शिकला, इंजिनियर झाला, कॅनडात आला, मग आम्हाला आणलं. मी एअरपोर्टजवळच्या वेअरहाऊसात खोकी लावायचो. तेव्हा आम्ही टोरोंटोच्या कडेला, एटोबिकोला एका बिल्डिंगमध्ये राहत होतो. दुसऱ्याच वर्षी वरच्या मजल्यावर एक मराठी पोरगी बाळंत झाली. तिच्या आईला व्हिसा मिळाला नव्हता. नवरा कामावर. बाळ रडायचं आणि बाळाच्या वरताण ती रडायची. द्रुपदानं दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन वर गेली. बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, लसूण घातलेलं मुगाचं वरण, एक लाडू. सव्वा महिना गेली. रोज. बाळाला तेल लावलं, पोरीची कंबर शेकली. मला म्हणाली, "आईबिगर बाळंतपण म्हंजे काय असतं ते ह्या देशाला कळत न्हाई."

त्या पोरीनं मंडळात सांगितलं. मंडळ म्हणजे पदवीधर भगिनींचं मंडळ. सगळ्या शिकलेल्या बायका. डॉक्टर, प्रोफेसर, इंजिनियर. ही त्यांची इथली शाखा. एक दिवस शाखेच्या अध्यक्ष वृंदाताई स्वतः आमच्या घरी आल्या. चहा घेतला. हे सांगायला हवं, चहा घेतला. पाणीही प्यायल्या. म्हणाल्या, "मावशी, हे फार मोठं काम आहे. हे आपण मंडळातर्फे करू."

द्रुपदा खूश झाली. मीही झालो. मंडळातर्फे म्हणजे आपण मंडळात, असं आम्हाला वाटलं.

खोटं बोलणार नाही. मंडळातल्या बायका गाड्या घेऊन यायच्या, डबे पोचवायच्या. उणे वीसमध्येसुद्धा यायच्या. कुणी तूप आणून द्यायची, कुणी गूळ. त्यांचं काम त्यांनी केलं. पण चूल एकच होती. आमची.

त्या एकमेकींना ताई म्हणायच्या. हिला मावशी. वृंदाताई हिच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या, त्याही मावशीच म्हणायच्या. पहिली काही वर्षं मला ते गोड वाटायचं.

एकदा द्रुपदानं सभासदाचा फॉर्म आणला. मला म्हणाली, भरा. मी भरला. शिक्षण या रकान्यात मी लिहिलं, चौथी पास. तिनं खाली सही केली. सही करायला तिला बराच वेळ लागायचा, जीभ दातात धरून करायची. पुढच्या आठवड्यात वृंदाताईंनी फॉर्म परत दिला. हसत. "अहो मावशी, तुम्ही तर आमच्याच आहात! तुम्हाला कशाला हवा फॉर्म?"

तो फॉर्म तिनं पिठाच्या डब्याखाली ठेवला होता. परवा सापडला. डब्याच्या बुडाचा गोल उमटलाय त्याच्यावर.

आता कॅलेंडरचं सांगतो. किराणा दुकानात दिवाळीनंतर फुकट कॅलेंडर मिळतं. तिथी, सण, एकादशी छापलेलं. ते ती किचनच्या कपाटाच्या दाराला आतून टांगायची. त्यावर तिची सगळी नोंद. पोरीचं नाव, वेड्यावाकड्या अक्षरात. मग कितवा दिवस. चणाडाळ नको असेल तर गोल काढून त्यावर काट. आणि पोरगी रडली की त्या दिवसाच्या चौकटीत निळ्या पेनानं एक थेंब.

मी विचारलं होतं, "हे कशाला काढतेस?"

म्हणाली, "दूध आलं का, हे समदे विचारतात. रडली का, हे कोण विचारतं? थेंब असला की दुसऱ्या दिवशी वाईच जास्त बसायचं."

वर्ष संपलं की कॅलेंडर गुंडाळून, रबर लावून पलंगाखाली. मिलिंद नोकरी बदलून देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कोक्विटलामला गेला, तुम्हीही चला म्हणाला. ही म्हणाली, "माझ्या पोरी इथं हायेत." मग आम्ही जवळच ब्रॅम्पटनला एका घराचं बेसमेंट, म्हणजे तळघर, भाड्यानं घेतलं. सामान फार नव्हतं. कॅलेंडरांची मोळी होती.

आणि ते गणपतीचं. ते लिहायला हात उचलत नाही. पण लिहितो.

पाच-सहा वर्षांमागची गोष्ट. मंडळाचा गणपती होता. द्रुपदा पहाटेपासून हॉलच्या किचनमध्ये पुरण शिजवत होती. मी सिंकवर भांडी घासत होतो. एका सभासदाची सासू पुण्याहून आलेली. ती शेजारी येऊन उभी राहिली, पोळीचं कौतुक केलं. मग विचारलं, "मावशी, आडनाव काय तुमचं?"

हिनं सांगितलं. लपवायचं काय त्यात?

ती बाई "बरं बरं" म्हणाली आणि बाहेर गेली. थोड्या वेळानं वृंदाताई आल्या. आवाज एकदम मऊ. "मावशी, तुम्ही दमला असाल. नैवेद्याचं आता आम्ही बघतो. तुम्ही जरा बाहेर बसा."

कढईत पुरण होतं. हिच्या हातात उलथणं होतं. ते तिनं ओट्यावर ठेवलं. हात पदराला पुसले. बाहेर जाऊन खुर्चीवर बसली. आत दुसऱ्या बाईनं नवं पातेलं काढलं आणि नैवेद्यापुरतं पुरण परत शिजवलं. तिचं पुरण बाकीच्यांनी जेवणात खाल्लं. बाळंतिणीला चालतं, सभासदांना चालतं. देवाला चालत नाही.

आम्हाला त्या देवाचं काही नव्हतं. आमच्या घरात तो नाही. पण चुलीपासून उठवलं तिला. तिच्या चुलीपासून.

मी ऐकलं. सगळं ऐकलं. आणि मी नळ चालू ठेवला. मुद्दाम. पाण्याचा आवाज असला की ऐकू आलं नाही असं म्हणता येतं.

घरी आल्यावर तिनं कपाटाचं दार उघडलं, काहीतरी केलं, बंद केलं. मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी डबा होता. ती गेली.

लाडूंचं पातेलं पोचवलं तो शनिवार. त्यानंतरचा बुधवार. तेव्हा आमच्याकडं स्नेहल नावाच्या पोरीचा डबा चालू होता. जळगावकडची, इथंच ब्रॅम्पटनला एका बेसमेंटमध्ये राहते, नवऱ्याची रात्रपाळी. बुधवारी तिचा चौदावा दिवस. सकाळी डबा देऊन आलो. दुपारी द्रुपदा पंधराव्या दिवसाची शेपू निवडत बसली. म्हणाली, गूळ संपला. मी दुकानात गेलो. परत आलो तर ती कपाटाला टेकून बसलेली. मांडीत शेपू. मी म्हणालो, "ही कुठली गुळाची ढेप दिली त्यानं बघ, दगड आहे दगड." ती बोलली नाही. मग मी गुळाची पिशवी खाली ठेवली.

मिलिंद आला, पाच दिवस राहिला, गेला. नोकरी आहे त्याची.

मग वृंदाताईंचा फोन. रडल्या. खरंच रडल्या. मग म्हणाल्या, "काका, मावशींची ती कॅलेंडरं आहेत ना? शाखेचा वर्धापनदिन आहे. इतिहास मांडतोय आपण. सेवाकार्याचा. ती मिळाली तर फार बरं होईल. आणि तुम्ही यायचं हं."

मी म्हणालो, "स्नेहलचा डबा?"

"ते बघतोय आम्ही. तुम्ही काळजी करू नका."

एक पोरगी गाडी घेऊन आली, मोळी घेऊन गेली. मला वाटलं, आता तिचं नाव छापतील. खरं सांगतो, दुःखातसुद्धा मला बरं वाटलं.

वर्धापनदिनाच्या शनिवारी मी शर्टाला इस्त्री केली. मिलिंदच्या लग्नातला कोट घातला. दोन बस बदलून गेलो. समोरच्या दारानं. दाराशी टेबल, टेबलावर नावांचे बिल्ले. तिथली पोरगी माझ्याकडं बघून हसली. "काका, केटरिंग ना? मागच्या दारानं."

"मी पाहुणा आहे."

तिनं बिल्ले शोधले. माझा नव्हता. "बसा ना काका कुठंही."

शेवटच्या रांगेत बसलो. मोठा पडदा लावलेला. वृंदाताई माइकवर आल्या. शाखेचा इतिहास सुरू झाला. कुणाच्या लिव्हिंग रूममध्ये पहिली बैठक झाली. पहिल्या सात भगिनींची नावं, एकेकीचा फोटो, एकेकीला टाळ्या. मग शाळेच्या दप्तरांचं काम. मग विद्यार्थिनींना कोट वाटले ते काम. मग पडद्यावर अक्षरं आली, बाळंतिणीचा डबा.

"आपल्या शाखेचा हा सगळ्यात मायेचा उपक्रम," वृंदाताई म्हणाल्या. "आपल्या भगिनींच्या स्वयंपाकघरातून सुरू झालेला."

मी वाट बघतोय. आता म्हणतील. आता म्हणतील.

कॅलेंडर आलं पडद्यावर. तिचं अक्षर. भिंतीएवढं. मी सरळ बसलो.

"आणि हे बघा. हे थेंब. आपल्या भगिनींनी नुसता डबा नाही दिला. त्या बाळंतिणीच्या मनाचीही नोंद ठेवली. मेंटल हेल्थ हा शब्द आपल्याकडं कुणी बोलत नव्हतं, तेव्हा!"

टाळ्या. खूप टाळ्या. मीही वाजवल्या आधी. दोन वाजवल्या आणि हात थांबले. आपल्या भगिनींनी? कुठल्या भगिनींनी?

पुढचं पान आलं. एकच चौकट मोठी करून दाखवलेली. "काही ठिकाणी घाईत नाव राहून गेलंय," वृंदाताई हसून म्हणाल्या. "इथे बघा, थेंब आहे, पण बाळंतीण कोण ते लिहिलंच नाही."

लोक हसले. मायेनंच हसले.

चौकटीच्या कोपऱ्यात दुकानदारानं छापलेला छोटासा गणपती होता. गणेश चतुर्थी. खाली निळा थेंब. बाकी सगळे थेंब हरभऱ्याएवढे. हा मोठा. पेन दोनतीनदा फिरवून काढलेला, इतकं दाबून की कागद फाटायला आलेला. पडद्यावर ती फाट हाताएवढी दिसत होती.

नाव राहून गेलं नव्हतं. तिनं लिहिलं नव्हतं. स्वतःचं नाव लिहायची तिला कुणी सवयच लावली नव्हती. मीसुद्धा.

मी उभा राहिलो. कसा राहिलो माहीत नाही. गुडघे आपले आपण उठले.

"ती बाळंतीण नाही," मी म्हणालो. "ती माझी बायको आहे."

कुणी तरी परत हसलं. मग कुणीच हसलं नाही.

"त्या दिवशी तुम्ही तिला चुलीपासून उठवलं. आडनाव विचारून. मी तिथं भांडी घासत होतो. मी ऐकलं."

वृंदाताईंनी माइक बाजूला केला. "काका, आपण हे नंतर बोलू. प्लीज. आज आनंदाचा दिवस आहे."

"नंतर कुणाशी बोलणार? ती गेली."

"आम्ही कधीच भेदभाव नाही केला काका. मावशी आमच्या घरच्याच होत्या."

"तिचं नाव सांगा."

"काय?"

"घरची होती ना. नाव सांगा तिचं. पूर्ण."

वृंदाताईंनी तोंड उघडलं. बाजूच्या बाईकडं बघितलं. त्या बाईनं कागद चाळला. कागदात नव्हतं. त्या बाईनं पुढच्या रांगेकडं बघितलं. हॉलमध्ये शंभरावर माणसं. कितीतरी जणींनी तिचे लाडू खाल्लेले. कितीतरी जणींचं बाळंतपण तिनं काढलेलं. हीटरचा आवाज तेवढा येत होता.

त्या शांततेत मला मी दिसलो. नळ चालू ठेवणारा. तो नळ मी तिथं बंद केला.

"द्रुपदा," मी म्हणालो. मोठ्यानं. आडनावही सांगितलं. जे ऐकून तिला उठवलं होतं, तेच. दोनदा सांगितलं.

मग बाजूच्या टेबलाकडं गेलो. कॅलेंडरं तिथं मांडली होती, पुढं फुलं. मी एकेक गुंडाळायला लागलो. बिल्लेवाली पोरगी धावत आली. "काका, हे आर्काइव्हला द्यायचंय."

"तिचं आहे."

"पण प्रोजेक्ट मंडळाचा..."

"स्नेहलचा आज एकतिसावा दिवस. डबा कोणी दिला आज?"

पोरीनं मान खाली घातली. हळू म्हणाली, "फंक्शन होईपर्यंत पॉजवर ठेवलंय, काका."

पॉजवर. बाळंतीण पॉजवर.

मोळी काखेत मारली आणि समोरच्या दारानं बाहेर पडलो. दार आपोआप उघडलं. त्याला कुणी काही शिकवलेलं नाही, बरं आहे.

संध्याकाळी मिलिंदचा फोन. त्याला कुणी तरी कळवलं होतं. "बाबा, लेट इट गो. चांगलं काम करतात त्या."

"काम तुझ्या आईचं आहे."

"हो, पण सगळ्यांसमोर..."

"सगळ्यांसमोरच उठवलं होतं तिला," म्हणालो आणि फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा पोराचा फोन मी आधी ठेवला.

सकाळी उठलो. कपाटाचं दार उघडलं. चौदाच्या पुढं चौकटी कोऱ्या. आधी ते जुनं कॅलेंडर काढलं, गणपतीचं पान काढलं, थेंबाखाली लिहिलं, द्रुपदा. माझं अक्षरही काही चांगलं नाही.

फ्रीजमधली शेपू पिवळी पडून लगदा झाली होती. टाकली. मूगडाळ होती, लसूण होता, बाजरीचं पीठ होतं. मी जन्मात भाकरी केली नव्हती. बघितली होती, रोज, समोर बसून. पहिली तीन मोडली. चौथी जाड झाली, पण भाकरी झाली. तिनं केलेल्या लाडवांतले सहा डब्यात उरले होते. त्यातला एक घेतला. मला खायला ठेवले होते मी ते. आता नाही.

रविवारची बस उशिरा येते. उभा राहिलो. बसलो नाही. स्नेहलच्या घराला वळसा घालून मागं गेलो. बेसमेंटचं दार मागंच असतं. आम्ही सगळे मागच्या दाराचे.

तिनं दार उघडलं. कडेवर बाळ, केस पिंजारलेले. "काका! मंडळाचं परत सुरू झालं का? मावशी कशा आहेत? मी किती मेसेज टाकले ग्रुपवर."

तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मावशी गेली," मी म्हणालो. "अठरा दिवस झाले."

ती दारातच खाली बसली. रडली. बाळही रडायला लागलं. मी बाळ घेतलं, खांद्यावर टाकलं. रडू दिलं तिला. जास्त वेळ बसायचं असतं, एवढं मला माहीत होतं.

मग तिनं नाक पुसलं, डब्याकडं हात केला. मी झाकणावर हात ठेवला.

"तिचं नाव माहीत आहे तुला?"

तिनं मान हलवली. नाही. लाजली. "आम्ही सगळे मावशीच म्हणायचो, काका."

"द्रुपदा," मी म्हणालो. आडनावही सांगितलं. "म्हण."

"काका..."

"आधी नाव. मग डबा. आजपासून असंच. मंडळ-बिंडळ काही नाही. माझ्या हातात जोर आहे तोवर बाळंतिणीला डबा येईल, पण तिच्या नावानं येईल. नाव घेतल्याबिगर झाकण उघडणार नाही. तुझ्याकडं नाही, कुणाकडंच नाही. म्हण."

बाळ गप्प झालं होतं.

मग तिनं नाव घेतलं. आडनावासकट. न अडखळता.

मी झाकण काढलं. घरी येऊन कॅलेंडरावर बत्तीस लिहिलं.